एकाच फणसाच्या दोन पेट्या

वेंगुर्ल्याच्या बाजूच्या एका गावात आबांच्या परसदारी फणसाचं जुनं झाड होतं. एका पावसाळ्यात वादळात ते आडवं झालं. घरात हळहळ झाली, शेजारपाजारचे येऊन बघून गेले, आणि पाऊस सरल्यावर आबांनी मेस्त्रींना बोलावून ओंडका दाखवला. मेस्त्रींनी सालीचा एक ढलपा काढून आतला गाभा पाहिला. पिवळाधमक, सरळ रेषेचा, कीड नसलेला.

"चार दारं निघतील," ते म्हणाले.

"दारं आहेत घराला," आबा म्हणाले. "मला दोन फणेरपेट्या हव्यात. पोरी लग्नाच्या झाल्या."

फळ्या पाडून त्या पडवीत रचल्या, दोन फळ्यांमध्ये चिपा घालून, वारा सगळीकडून खेळेल अशा. दोन उन्हाळे त्यांना तसंच राहू दिलं, कारण ओल्या लाकडाची पेटी पहिल्याच चैत्रात वाकडी होते. मग मेस्त्रींनी काम धरलं.

फणेरपेटी आता घराघरांतून नाहीशी झाली आहे, म्हणून ती कशी असायची ते सांगायला हवं. हातभर लांबीची, वीतभर उंचीची लाकडी पेटी. झाकण उघडून मागे टेकवलं की आतल्या बाजूला आरसा. खाली कप्पे. एकात फणी, एकात कुंकवाचा करंडा, एकात आकडे आणि गंगावन, आणि कोपऱ्यातल्या सगळ्यांत लहान कप्प्यात मेणाची डबी. कपाळावर आधी मेणाचं बोट टेकवायचं, ते गोल बसवायचं आणि त्यावर पिंजर दाबायची. मेणाशिवाय कोरडं कुंकू घामाबरोबर नाकावर उतरायचं.

झाकणावर मेस्त्रींनी पानांची वेल कोरली. पटाशीचा प्रत्येक घाव त्यात दिसत होता आणि एकही पान दुसऱ्या पानासारखं नव्हतं. सांधे खाचेत खाच घालून बसवलेले, लाकडाला खिळा नाही. चार कोपऱ्यांना तेवढ्या पितळी पट्ट्या, बारीक चुकांनी ठोकलेल्या, आणि कडीच्या वर बोटभर रुंदीचा पितळी पत्रा. त्या पत्र्यांवर आबांनी सावंतवाडीच्या बाजारात भांड्यांवर नावं घालणाऱ्याकडून नावं घालून आणली. एका पेटीवर थोरलीचं, दुसरीवर धाकटीचं. स्थळं अजून ठरायची होती. पत्र्यावर आलं ते पाळण्यातलं नाव.

पेट्या देताना मेस्त्रींनी दोघींना समोर बसवलं. मेणाची लहानशी वडी जुन्या धोतराच्या चिंधीत गुंडाळली, तळहातात दाबून धरली आणि चिंधी लाकडाच्या रेषेच्या दिशेने फिरवली. मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसायला लागले. इतका वेळ पुसत राहिले की धाकटीने विचारलं, "लावलेलं सगळं पुसूनच टाकताय की हो?"

"पुसून जे उरतं तेवढंच कामाचं," मेस्त्री म्हणाले. "थोडं लावायचं, पुष्कळ पुसायचं. वर्षातनं एकदा. बाकी पेटी वापरायची."

दोघींनी ऐकलं. थोरलीला सगळे आक्का म्हणत. तिला खाडीपलीकडच्या गावात दिली. धाकटी माई सोलापूरला गेली. लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने नवं नाव लिहिलं गेलं आणि दोघी दुसऱ्याच नावाच्या झाल्या. जुनं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं असेल तर असेल. रोज डोळ्यांसमोर येईल असं ते एकाच ठिकाणी उरलं होतं, कडीच्या वरच्या पत्र्यावर.

आक्का रोज सकाळी पेटी उघडायची. तिच्या बोटांचं मेण कडीला, झाकणाच्या कडेला लागायचं आणि पदराने पुसलं जायचं. लग्नाला पुरती दहा वर्षं झाली नव्हती तेव्हा तिचे यजमान तापाने गेले. बाराव्यानंतर सासूने कुंकवाचा करंडा उचलून नेला. त्या काळच्या रीतीप्रमाणे ते झालं. ती रीत क्रूर होती आणि तिच्याबद्दल हळुवार बोलावं असं मला वाटत नाही. पेटी माळ्यावर गेली. मेणाची डबी तेवढी कुणाच्या लक्षात आली नाही, ती आतच राहिली.

पुढच्या पावसाळ्यानंतर मेस्त्री त्या घरी चौकट बसवायला आले. त्यांनी पेटीची चौकशी केली. खाली काढली तर लाकडावर पांढरी बुरशी धरलेली आणि कोपऱ्यांशी ओल. मेस्त्री काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "हाताची सवय मोडू नकोस, बाय. कपाळाला नको तर पेटीला लाव. मेण तेच आहे."

आक्का डबी घेऊन तिथेच बसली. मेस्त्रींनी तिचा हात धरला.

"आज नाही. आज लावलंस तर ओल आत कोंडेल आणि बुरशी पुन्हा वर येईल. मेणाखाली जे ठेवशील ते तिथंच राहतं."

त्यांनी पेटी अंगणात नेऊन मऊ कुंचल्याने बुरशी झाडली, उन्हात न ठेवता वाऱ्यावर ठेवली, झाकण उघडं टाकून. उन्हात टाकलेलं ओलं लाकूड घाईने सुकतं आणि तडकतं. बऱ्याच दिवसांनी, दसऱ्याच्या तोंडावर, फळी हाताला कोरडी लागली तेव्हा आक्काने पहिला हात दिला. खंडेनवमीला घरात कोयता, विळी, अडकित्ता, सगळी हत्यारं घासूनपुसून मांडली होती. तिने पेटी त्यांच्या शेजारी ठेवली. हळदीकुंकवाला तिला कुणी बोलावत नव्हतं, पण हत्यारांच्या पूजेत कुणाला कसली अडचण वाटली नाही. तेव्हापासून दर खंडेनवमीला पेटी खाली यायची.

डबीतलं मेण संपलं तेव्हा तिने मोहोळ काढणाऱ्यांकडून पोळ्याचा चोथा मागून घेतला. मध पिळून काढल्यावर उरलेलं पोळं पाण्यात उकळायचं. मेण वितळून वर येतं, पाणी निवलं की पातेल्याच्या तोंडावर त्याची पिवळी चकती धरते, आणि खालचा मळ खरवडून टाकायचा. एकदा-दोनदा पुन्हा वितळवून फडक्यातून गाळलं की वडी तयार. ही वडी आक्का विस्तवावर कधी धरायची नाही. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंश सेल्सियसला वितळतं, पण त्याच्या बऱ्याच आधी, आपल्या अंगाच्या उबेच्या आसपास, ते मऊ होऊ लागतं. तळहातात दाबून धरलेली चिंधी पुरे होते. कोरीव वेलीत मेण साचू नये म्हणून ती केसांच्या कुंचल्याने पानं झाडून घ्यायची आणि शेवटी फडकं बोटाला गुंडाळून एकेका पानावरून फिरवायची. बोट ओढलं की खूण उठते का हे बघायचं. उठली तर मेण जास्त झालंय, पुन्हा पूस. चिकट राहिलेलं मेण धूळ धरतं आणि धुळीवर बुरशी वाढते, हे तिला अनुभवानेच कळलं होतं. शेजारच्या काकूंनी खोबरेल लावायला सुचवलं तेव्हा तिने ऐकलं नाही. खोबरेल सुकत नाही. दिवसभर चमकतं आणि वर्षभर मळ गोळा करतं.

मेण म्हणजे चिलखत नव्हे, हेही सांगितलं पाहिजे. त्याने दमट हवा पुरती थांबत नाही, तिचं आतबाहेर जाणं नुसतं सावकाश होतं. वाळवीला तर ते मुळीच अडवत नाही. म्हणून आक्काने पेटी पुन्हा माळ्यावर टाकली नाही. माजघरात, पावसाच्या माऱ्याची बाहेरची भिंत सोडून आतल्या भिंतीशी, उंच पाटावर तिची जागा ठरली. पेटीत आता सुईदोरा, नातवंडांच्या जन्मवेळा लिहिलेले कागद आणि चष्मा असायचा. ती रोज उघडली जायची. फणसाचं लाकूड उजेडाने आणि हवेने आपोआप गडद होत जातं. पिवळं होतं ते मधासारखं झालं, मग तांबूस, मग तपकिरी.

सोलापूरच्या माईचं आपल्या पेटीवर जास्तच प्रेम होतं. ते प्रेम खरं होतं, त्यात दिखावा नव्हता. म्हणूनच तिने ती वापरली नाही. रोज हाताळली तर खराब होईल म्हणून कुंकू-मेण वेगळ्या डबीत ठेवलं, आणि पुढे गंधाची बाटली आली, मग टिकली आली, मेणाचं कामच उरलं नाही. पेटी बैठकीत काचेच्या कपाटात विराजमान झाली. कपाट खिडकीसमोर होतं. सोलापूरचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे. मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो आणि हवेत पाण्याचा अंश नसतो. दुपारचं ऊन तासन्‌तास काचेतून पेटीच्या एकाच अंगावर पडायचं. पावसाळ्यात लाकूड फुगायचं, उन्हाळ्यात आखडायचं. नुसत्या दमट किंवा नुसत्या कोरड्या हवेपेक्षा ही वरचेवरची ओढाताण लाकडाला जास्त छळते. झाकणाची फळी मध्यभागी केसभर उकलली.

पितळेकडे मात्र माईचं बारीक लक्ष. दिवाळी आली की चिंच आणि राख घेऊन ती पट्ट्या आणि पत्रा घासायची, पितळ सोन्यासारखं उजळेपर्यंत. पुढे तयार पावडरी आल्या, त्यांनी आणखी लवकर उजळायचं. दर दिवाळीला फडकं काळं व्हायचं. ते काळं म्हणजे मळ असं तिला वाटायचं. त्यातलं बरंच पितळच होतं.

थोरल्या मुलाच्या लग्नात पेटी मांडायची ठरली, तेव्हा ती फारच मळकी वाटू लागली. फर्निचरवाल्याने माणूस पाठवला. त्याने पेटी नेऊन काचकागदाने घासली. वरचा तपकिरी थर उतरला आणि खालून कोवळं पिवळं लाकूड निघालं. वर्षानुवर्षांच्या उजेडाने चढवलेला रंग एका दुपारी भुशात गेला. पिवळा रंग स्वस्त दिसतो म्हणून त्याने त्यावर तांबडा-तपकिरी रंग दिला आणि वरून यंत्राने चकचकीत पॉलिश फवारलं, दोन हात. पेटी परत आली तेव्हा तिच्यात तोंड दिसत होतं. सगळ्यांनी वाखाणली. माईला पाहून फार आनंद झाला. वेलीची पानं जरा बोथट झाली आहेत हे त्या गर्दीत कुणी पाहिलं नाही.

दोघी बहिणी ऐंशीच्या पुढे गेल्यावर एका दसऱ्याला माई कोकणात आली. सोबत तिची नात होती. या मुलीला लहानपणी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेलं होतं. लोकांनी अडगळीत टाकलेले दिवे, अडकित्ते, करंडे, फण्या, दाराच्या चौकटी दिनकर केळकरांनी १९२० च्या सुमारापासून गावोगाव हिंडून जमवल्या, अकाली गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव त्या संग्रहाला दिलं आणि पुढे तो सगळा राज्य सरकारच्या हवाली केला. घरातल्या बायकांच्या हातातल्या वस्तूसुद्धा काचेआड सन्मानाने ठेवण्याजोग्या असतात, हे त्या मुलीच्या मनावर तिथे ठसलं असावं. मोठी होऊन ती जुन्या वस्तूंच्या जतनाचं शिकली आणि मुंबईत तेच काम करू लागली. माईने पेटी मुद्दाम बरोबर आणली होती. वरचं पॉलिश पिवळट होऊन त्याला बारीक जाळीदार भेगा पडल्या होत्या, आणि झाकणाची चीर आता नखभर रुंद झाली होती. नात काहीतरी करील अशी तिला आशा होती.

ओटीवर दोन्ही पेट्या शेजारी शेजारी ठेवल्या. एकाच ओंडक्याच्या, एकाच हातच्या, एका दिवशी घरातून निघालेल्या. माई बराच वेळ बघत राहिली.

"आक्का, तुझ्याकडे तर खारी हवा. पाऊस चार-चार महिने. आणि माझी बंद कपाटात होती गो."

आक्का काही बोलली नाही. तिने माईची पेटी जवळ ओढली आणि वेलीवरून हात फिरवला. हाताला पानं लागली नाहीत.

नातीने दोन्ही पेट्या खालून, मागून, आतून पाहिल्या. माईने विचारलं, "हे सगळं काढून पुन्हा घासून घेऊ या का? पहिल्यासारखी होईल?"

"नको, आजी. घासून गेलेलं घासून परत येत नाही. आता हे पॉलिश ओरबाडलं तर उरलेली वेलही जाईल. चीर बुजवायची नाही, ती हंगामाप्रमाणे उघडते-मिटते, बुजवली तर दुसरीकडे फुटेल. पेटी उन्हातून काढायची. वरची धूळ पुसायची. आणि जे आहे ते राखायचं."

"मग पत्रा?" माई म्हणाली.

आक्काच्या पेटीवरचं नाव स्पष्ट होतं. पितळ काळपट तपकिरी झालेलं, अक्षरांच्या खाचा भरून गडद झालेल्या, त्यामुळे ओटीच्या उजेडातही वाचता येत होतं. माईच्या पेटीवरचा पत्रा आरशासारखा गुळगुळीत होता. कोपऱ्यांत आणि चुकांच्या डोक्यांभोवती पावडरीचा पांढरा गाळ धरला होता. नाव नव्हतं. माईने कितीतरी वर्षांत तिकडे निरखून पाहिलं नव्हतं. आपण दर दिवाळीला काय पुसत होतो हे तिला तिथे बसल्या बसल्या कळलं, आणि तिचे डोळे भरून आले.

नातीने ओटीचा दिवा मालवायला सांगितला. मोबाइलचा दिवा पत्र्याच्या अगदी पातळीत, बाजूने तिरपा धरला. समोरून टाकलेल्या उजेडात उथळ खाचा दिसत नाहीत. आडव्या उजेडात त्यांच्या काठाची सावली पडते. तिने दिवा सावकाश फिरवला. आधी काहीच नाही. मग डावीकडे एक आडवी रेघ उमटली, शिरोरेषेचा तुकडा. तिच्यावर एका मात्रेचं टोक. पुढे एका काना-दांडीची खालची बाजू. बस, तेवढंच.

माईने बोट पुढे केलं. नातीने हलकेच अडवलं. "बोटाने नको, आजी. घामातल्या क्षारांचे ठसे पितळेवर उमटतात आणि पुढे खात राहतात."

तिने हातमोजे चढवले. कापसाच्या बोळ्यावर थोडं स्पिरिट घेऊन पावडरीचा गाळ टिपून काढला, अक्षरांच्या जागी न घासता. पुरतं कोरडं झाल्यावर पिशवीतून एक डबी काढली. आत पांढरं, लोण्यासारखं मेण. आक्काने वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "याला मधाचा वास नाही."

"हे पेट्रोलियमपासून काढलेलं मेण आहे, आक्काआजी. फार बारीक स्फटिकांचं. लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात या जातीच्या मेणांवर काम झालं आणि त्यातून हे तयार झालं. रेनेसाँ वॅक्स म्हणतात. आता जगभरच्या संग्रहालयांत वापरतात."

"का? मधमाशीचं काय वाईट होतं?"

नातीने आक्काचीच पेटी पुढे घेतली. कोपऱ्यांच्या पितळी पट्ट्यांच्या कडेला, जिथे जुनं मेण साचून राहिलं होतं, तिथे त्याचा रंग हिरवट झाला होता. "मधमाशीच्या मेणात मुळातच थोडी आम्लं असतात. लाकडाला त्याचा त्रास नाही. पण पितळेत तांबं असतं. वर्षानुवर्षं मेण त्याला लागून राहिलं की असं हिरवं होतं. या नव्या मेणात आम्लं जवळजवळ नाहीतच."

आक्काने चष्मा लावून ती हिरवी कड पाहिली. "म्हणजे इतकी वर्षं मी पितळेला चुकीचं लावत होते तर."

"लाकडासाठी तुझंच बरोबर. पितळेवर थोडं कमी पुसलं गेलं, एवढंच."

"मग पितळेला तुझं लाव. लाकडाला माझं," आक्का म्हणाली, आणि तो प्रश्न तिच्यापुरता संपला. इतकी वर्षं एका पद्धतीने केलेली गोष्ट एका वाक्यात सुधारून घेणं सोपं नसतं. माझ्या लेखी तिच्या पेटीइतकंच ते मोलाचं आहे.

नातीने मऊ फडक्याच्या टोकावर कणभर मेण घेतलं आणि पत्र्यावर दिसेल न दिसेल इतका पातळ थर फिरवला. त्यातला द्रव उडून जाऊ दिला, मग स्वच्छ फडक्याने पुसायला लागली. माई बघत होती. मध्येच म्हणाली, "मेस्त्रीसुद्धा असंच करायचे. लावलेलं सगळं पुसून टाकायचे."

पत्रा पूर्वीइतका चकचकीत राहिला नाही. थोडा मऊ, शांत दिसू लागला. माईने विचारलं, "सोनाराकडे नेऊन पुन्हा नाव कोरून घेतलं तर?"

नातीने उत्तर देण्याआधी आक्काच बोलली. "कोरशील तर ही मात्रा जाईल. आबांनी आणलेली एवढीच उरली आहे."

त्यावर दोघी थोडा वेळ गप्प बसल्या. मग नातीने वहीतलं एक जाडसर पान फाडलं आणि माईच्या हातात पेन दिलं. "नाव तू लिही. कुणाची पेटी, कुठल्या झाडाची, कुणी केली, कुणी नाव घालून आणलं. संग्रहालयात प्रत्येक वस्तूबरोबर असा कागद असतो. तो नसला तर उत्तम जतन केलेली वस्तूसुद्धा मुकी होते."

माईने लिहायला घेतलं. आधी सवयीने सासरचं नाव आलं, ते तिने खोडलं. मग माहेरचं लिहिलं, पाळण्यातलं, सावकाश, शाळेत शिकवल्यासारखी शिरोरेषा शेवटी ओढून. खाली आबांचं नाव. मेस्त्रींचं नाव तिला आठवेना. ते आक्काने सांगितलं. कागद तिने पेटीत ठेवला, मेणाच्या डबीच्या रिकाम्या कप्प्यात.

माईने परत जाताना आक्काकडून मेणाची एक वडी मागून घेतली. सोलापूरला पेटी आता काचेच्या कपाटात नाही. ती आतल्या खोलीत, खिडकीपासून दूर आहे, आणि तिच्यात माईची औषधं आणि चष्मा असतो. वरच्या पॉलिशवर मधमाशीचं मेण लावून काही साधत नाही, म्हणून ते फक्त आतल्या उघड्या लाकडाला आणि तळाला लावलं जातं, वर्षातून एकदा. दिवाळीला पितळ घासणं बंद झालं आहे.

आपल्या घरात अशी एखादी पेटी, पानाचा डबा, कोरीव पाट किंवा आजोबांचं लाकडी कलमदान असेल, तर पॉलिशवाल्याच्या हाती देण्याआधी त्याच्यावरची अक्षरं तिरप्या उजेडात वाचून घ्या आणि फोटो काढून ठेवा. मेण लावायचं असेल तर आधी वस्तू कोरडी आणि स्वच्छ आहे ना ते बघा, आणि पहिला हात तळाशी, दिसणार नाही अशा जागी लावून दोन दिवस थांबा. रंगाचे पोपडे सुटत असतील, वस्तू बिनझिलईच्या मातीची असेल, किंवा पितळ-तांब्यावर पुसलं तरी पुन्हा पुन्हा फुलणारी फिकट हिरवी भुकटी दिसत असेल, तर मेण लावूच नका. ती वस्तू जाणकाराला दाखवा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्या वस्तूची हकीकत आजच विचारून कागदावर उतरवा. तो कागद त्याच वस्तूत ठेवा.